चिमुकल्या वाघिणींतील भार

आगगाडीची प्रतिकृती पाहावयास मिळाली की पाहणाऱ्याची नजर प्रथम इंजिनाकडे जाते. इंजिनाचा आकार, चाकांची संख्या, अंगावरील रंग व अक्षरे ही सारी मूळ इंजिनाशी इतकी जुळविलेली असतात की छायाचित्रात खरे कोणते आणि खोटे कोणते हे सांगणे अवघड व्हावे. परंतु मागाहून येणाऱ्या मालगाडीच्या वाघिणींकडे लक्ष गेले की हा भ्रम पुष्कळदा तेथेच फुटतो. कोळशाच्या जागी काळ्या प्लॅस्टिकचा चकचकीत उंचवटा बसविलेला असतो. लोखंडी पत्र्यांनी वाघीण काठोकाठ भरलेली असते. ओंडके नुसते एकावर एक रचलेले असतात आणि त्यांना आवळणारी साखळी कोठेच दिसत नाही. मालधक्क्यावर ज्याने आयुष्य काढले आहे असा मनुष्य ही गाडी पाहून हसेल. अशा रीतीने भरलेली गाडी यार्डाबाहेर पडूच शकली नसती, हे त्याला पहिल्या नजरेत कळते.

प्रतिकृति-रेल्वेचा छंद अमेरिकेत विशेष वाढला. १९३४ साली त्या विषयास वाहिलेले ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक मिलवॉकी शहरातून निघू लागले आणि पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्याच शहरात छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. फ्रँक एलिसन नावाच्या एका जाणत्या छांदिष्टाने १९४० च्या दशकात या रेल्वेला नाट्यगृहाची उपमा दिली होती: रूळ व देखावे हा रंगमंच, आणि गाड्या ही पात्रे. उपमा पुढे न्यावयाची तर माल हे त्या पात्रांच्या प्रवेशाचे कारण म्हणावे लागेल. कोळसा खाणीतून वीजगृहाकडे जावयाचा असतो म्हणून गाडी येते. ज्या गाडीतील माल खोटा वाटतो, तिचे येणेजाणेही मग निर्हेतुक वाटू लागते.

एकास सत्त्याऐंशी

या छंदात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे होय. मूळ वस्तूची एक फूट लांबी प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर होते. अमेरिकेतील व युरोपातील बहुतेक देशांतील रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. ते या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटर भरते. भारतातील रुंदमापी मार्गाचे अंतर १,६७६ मिलिमीटर असल्यामुळे ते खरे पाहता सव्वाएकोणीस मिलिमीटरांच्या जवळपास हवे. परंतु तसे रूळ बाजारात मिळत नाहीत, म्हणून भारतीय गाड्यांच्या प्रतिकृतीही सामान्यतः साडेसोळा मिलिमीटरांच्या रुळांवरच धावतात. या प्रमाणातील गाड्या पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे-संग्रहालयात पाहावयास मिळतात.

लांबी ८७ पटींनी घटते तेव्हा क्षेत्रफळ ८७ गुणिले ८७, म्हणजे ७,५६९ पटींनी घटते, आणि घनफळ सुमारे साडेसहा लाख पटींनी. वस्तू त्याच पदार्थाची असेल तर वजनही तितकेच घटते. येथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण अशी की निसर्गातील काही राशी या हिशेबास जुमानत नाहीत. पाण्याचा पृष्ठताण लहान वाघिणीसाठी लहान होत नाही. लाकडाच्या धाग्यांची जाडी माणसाच्या इच्छेप्रमाणे आकसत नाही. उलट, ढिगाऱ्याच्या उताराचा कोन लहान होण्याची गरजच नसते, कारण कोनाला लांबी नसते. भाराची प्रतिकृती करणाऱ्यास या तिन्ही गोष्टींशी व्यवहार करावा लागतो.

भरलेली, तरी रिकामी दिसणारी

अमेरिकेतील शंभर-टनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीचे उदाहरण घेऊ. तिकडचा टन आपल्या टनाहून थोडा लहान. तेव्हा तिच्यात सुमारे ९० मेट्रिक टन माल मावतो, आणि भरलेल्या वाघिणीचे एकूण वजन सुमारे ११९ टनांपर्यंत जाऊ दिले जाते. आता या ९० टनांना किती जागा लागेल? फोडलेल्या दगडी कोळशाचा एक घनमीटर ढीग पोकळ्यांसह अदमासे ०.८ ते ०.८५ टन भरतो. म्हणजे ९० टन कोळशाला सुमारे १०९ घनमीटर जागा हवी. म्हणून कोळशाच्या वाघिणी उंच काठांच्या असतात आणि कोळसा काठांच्याही वर माथा काढून भरलेला दिसतो.

त्याच वाघिणीत लोहखनिज भरावयाचे ठरविले तर? त्याचा एक घनमीटर ढीग सव्वादोन ते अडीच टनांचा. ९० टनांस सुमारे ३८ घनमीटर पुरेत. वाघीण जेमतेम तिसऱ्या हिश्शापर्यंत भरेल आणि तीवर एक मूठ अधिक टाकणेही नियमाविरुद्ध होईल. लांब वाघिणीत असे जड खनिज भरावयाची वेळ आली तर ते मध्यभागी न ओतता दोन्ही टोकांकडे दोन वेगळे ढीग करून भरतात. वाघिणीखाली चाकांचे जे दोन गाडे असतात, ज्यांस बोगी म्हणतात, त्यांच्या बरोबर वर हे ढीग येतात. भार मध्यावर पडला तर तळाचा सांगाडा वाकण्याचा धोका असतो. बोगीवर पडला तर तो सरळ चाकांतून रुळांत उतरतो. प्रतिकृतीत असे दोन ढीग दिसले म्हणजे करणाऱ्याने विचार केला आहे हे जाणकारास लगेच उमजते.

पोलादाची गोष्ट याहूनही चमत्कारिक आहे. पोलादाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट. ९० टन पोलादी पत्रे अवघ्या साडेअकरा घनमीटरांत मावतात. सोळा मीटर लांब व सुमारे २.९ मीटर रुंद वाघिणीच्या तळावर ते सारखे पसरले तर त्यांची थप्पी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंच होईल. प्रतिकृतीत ही उंची तीन मिलिमीटरांपेक्षाही कमी भरते! पत्र्यांची गुंडाळी करून नेतात तेव्हाही तेच. वीस टनांच्या गुंडाळीचा व्यास अदमासे दीड-पावणेदोन मीटर असतो. अशा चार गुंडाळ्या ठेवल्या की वाघीण भरत आली. मधली सारी जागा मोकळीच राहते. नवशिक्या कारागिराचा हात येथे हटकून वाहवतो, कारण रिकामी जागा पाहून त्याला वाघीण अपुरी भरलेली वाटते.

घनतेने वाघिणीचा आकार कसा ठरतो याचे सर्वांत बोलके उदाहरण मिनेसोटा राज्यातील मेसाबी डोंगररांगेत सापडते. तेथील लोहखनिज सुपीरियर सरोवराच्या काठी आणून जहाजांत भरीत. त्या मार्गावरील खनिजाच्या वाघिणी केवळ २४ फूट लांबीच्या, बुटक्या आणि बळकट होत्या. बंदरावरील उंच धक्क्यांत खनिज साठविण्याचे कप्पे बारा-बारा फुटांवर बांधलेले होते; दोन कप्प्यांस एक वाघीण असा तो मेळ होता. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मूळच्या तांबड्या खनिजाऐवजी टॅकोनाइट नावाच्या खडकापासून बनविलेल्या गोळ्या अधिकाधिक प्रमाणात येऊ लागल्या. या गोळ्या वजनाने थोड्या हलक्या, म्हणून तेवढाच भार नेण्यासाठी वाघिणींच्या काठांवर पत्र्याची जोड देऊन ते उंच करण्यात आले. तेव्हा जोड दिलेल्या वाघिणीत तांबडे खनिज काठोकाठ भरून दाखविणे ही दुहेरी चूक होईल: भारही फाजील आणि काळही विसंगत.

भारतातही हाच न्याय दिसतो. आपल्या रेल्वेवरील ‘बॉक्स-एन’ वाघिणीची धारणा सुमारे ५६ घनमीटर आहे, आणि मूळ आराखड्याप्रमाणे ती सुमारे ५८ टन माल नेते. कोळशासाठी हे माप सोयीचे, परंतु लोहखनिज तीत निम्म्याहूनही खाली राहते. म्हणूनच बैलाडिला येथील खनिज विशाखापट्टणमकडे नेणाऱ्या मार्गावर ‘बॉय’ नावाच्या, आखूड काठांच्या वाघिणी वापरात आल्या.

रवा आणि मैदा

ढीग किती उंच, हे घनतेवरून ठरते. त्याचा आकार कसा, हे मात्र कणांवरून आणि भरण्याच्या रीतीवरून ठरते. कोरडा, दाणेदार पदार्थ वरून ओतला की त्याचा शंकू होतो आणि त्या शंकूचा उतार एका ठराविक कोनापेक्षा अधिक चढा होत नाही. वरचे कण घरंगळून खाली येतात. फोडलेल्या कोळशासाठी हा कोन अदमासे ३५ ते ४० अंशांचा असतो. टॅकोनाइटच्या गोळ्या गोल असल्यामुळे अधिक सहज घरंगळतात, म्हणून त्यांचा ढीग पसरट होतो. हा कोन मोठ्या ढिगाला आणि चिमुकल्या ढिगाला सारखाच. कारागिराने कोळशाचा चुरा वाघिणीत हलक्या हाताने ओतला की निसर्गच त्याचे काम करून देतो.

परंतु येथे एक मर्यादा आहे, आणि ती स्वयंपाकघरात कोणासही पाहता येईल. परातीत रवा ओतला तर त्याचा नेटका शंकू होतो. मैदा ओतला तर त्याच्या गाठी बनतात, कडे उभे राहतात, मध्येच चिरा पडतात. कण अतिशय बारीक झाले की त्यांच्या वजनापेक्षा त्यांतील परस्पर चिकटणे प्रबळ ठरते. म्हणून कोळसा प्रमाणात बसावा या हौसेने तो पिठासारखा कुटल्यास त्याचा ढीग कोळशासारखा मुळीच दिसत नाही. व्यवहारात हिशेब असा पडतो: वीजगृहासाठी कोळसा सुमारे पाच सेंटिमीटरांपर्यंत फोडतात, तो प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटराहून थोडा मोठा होतो, म्हणजे बारीक रव्याएवढा. वाफेच्या इंजिनांच्या काळात खाणींवर कोळसा चाळून त्याच्या निरनिराळ्या आकारांच्या वाघिणी वेगळ्या भरीत. त्यांतील पंधरा सेंटिमीटरांचे ढेकूळ प्रतिकृतीत पावणेदोन मिलिमीटरांचे होईल. चहाची गाळणी, पिठाची चाळणी आणि रव्याची चाळणी एवढ्या साधनांवर हे सारे आकार वेगळे करता येतात.

कोळशासाठी खराच कोळसा वापरावा, असा बहुतेक अनुभवी कारागिरांचा अभिप्राय आहे आणि तो सयुक्तिक वाटतो. दगडी कोळसा फुटतो तेव्हा मोठ्या ढेकळावर जसे चकाकणारे सपाट पैलू व धारदार कडा दिसतात, तसेच ते लहान तुकड्यावरही दिसतात. फुटण्याची रीत आकाराबरोबर बदलत नाही. काळी रंगविलेली वाळू हे साधू शकत नाही. तिचे कण पाण्याने घासून गोल झालेले असतात.

माथ्याचा आकार काळानुसार निवडावा लागतो. जुन्या खाणींवर वाघीण नळाखाली थांबवून थोडी थोडी पुढे सरकवीत, त्यामुळे कोळशाचे तीन-चार शंकू ओळीने उभे राहत. आता मोठ्या खाणींवर गाडी मंद गतीने अखंड चालत राहते आणि वरून कोळसा सलग पडतो. मग माथा लांबट, पावाच्या लादीसारखा होतो. वायोमिंग राज्यातील पावडर नदीच्या खोऱ्यातून कोळसा नेणाऱ्या बीएनएसएफ रेल्वेने २०११ पासून हा माथा ठराविक गोलाईचा राखणे व त्यावर धूळ बसविणारे द्रव्य फवारणे आवश्यक ठरविले, कारण उडालेली कोळशाची भुकटी रुळांखालील खडीत शिरून पाण्याचा निचरा अडवू लागली होती. अर्थात आजच्या काळातील गाडी दाखवावयाची असेल तर शंकूंची ओळ चुकीची, आणि १९४० सालची दाखवावयाची असेल तर लादी चुकीची.

थेंब का फिरतो

संपूर्ण वाघीण कोळशाने भरीत नाहीत. वाघिणीच्या आतील मापाचा थर्मोकोलचा ठोकळा कापून त्याचा माथा पाहिजे त्या आकाराचा घासतात, त्यास काळा रंग देतात, म्हणजे दाण्यांमधील फटींतून पांढरे डोकावत नाही, आणि त्यावर पांढरा सरस लावून कोळशाचा चुरा भुरभुरतात. येथे एक सावधगिरी हवी. पेट्रोल, अॅसिटोन किंवा तत्सम द्रावक ज्यात आहेत असे रंग व सरस थर्मोकोलला विरघळवितात. पाण्यात मिसळणारेच वापरावेत.

दुसरा थर बसविताना हमखास अडथळा येतो. पातळ केलेल्या सरसाचा थेंब चुऱ्यावर सोडला तर तो आत न मुरता गोल होऊन वरच राहतो आणि घरंगळताना धुळीचे कण अंगास माखून घेतो. जागोजागी खड्डे पडतात. हा पृष्ठताणाचा परिणाम. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि थेंबास गोल ठेवू पाहतो. खऱ्या वाघिणीवर पडणारा पावसाचा थेंब कोळशाच्या ढेकळापुढे क्षुल्लक असतो. प्रतिकृतीत तोच थेंब ढेकळाच्या कित्येक पट मोठा असतो आणि त्यास उचलून नेतो. उपाय सोपा आहे. एक भाग सरसात तीन-चार भाग पाणी व भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब घालतात, आणि चुऱ्यावर आधी साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा देतात. साबणाने पृष्ठताण घटतो, द्रव केशाकर्षणाने दाण्यांच्या फटींत शिरतो आणि ढीग जेथल्या तेथे बसतो. वाळल्यावर पांढरा सरस पारदर्शक होतो.

लाकडाच्या बाबतीत निसर्ग इतका अनुकूल नाही. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यासाठी पाच मिलिमीटरांची डहाळी चालेल असे वाटते, परंतु डहाळीची साल, तिच्यावरील डोळे आणि गाठी खऱ्या आकाराच्याच राहतात. अगदी बारीक पोताच्या सालीची झुडपे शोधावी लागतात, आणि कापलेल्या तोंडावर वार्षिक वलये रंगाने दाखवावी लागतात. याउलट कागद गिरण्यांकडे जाणाऱ्या लाकडाच्या चिपांसाठी साधा करवतीचा भुसा उत्तम. सुमारे तीन सेंटिमीटरांची चिप प्रतिकृतीत एक तृतीयांश मिलिमीटर होते, तेवढाच भुशाचा कण असतो. चिपा फार हलक्या, म्हणून त्यांच्या वाघिणी सर्वांत उंच.

वळणावरची तुळई

लांब तुळया, पाइप, यंत्रांचे भाग उघड्या वाघिणींवर नेताना ते कसे बांधावेत यासंबंधी अमेरिकन रेल्वे संघाचे सविस्तर नियम आहेत: ठोकळे कोठे ठोकावेत, पोलादी पट्ट्या किती, साखळ्या कोणत्या कोनात. प्रतिकृतीत ही बांधणी बारीक दोऱ्याने व कागदाच्या पट्ट्यांनी दाखविता येते, आणि तिच्यामुळे भारास जो खरेपणा येतो तो कोणत्याही रंगाने येत नाही.

परंतु लांब भार वळणावर फसतो. घरात मांडलेल्या रुळांच्या वळणाची त्रिज्या पुष्कळदा ४५७ मिलिमीटर, म्हणजे अठरा इंच, असते. ती ८७ पट केल्यास सुमारे ४० मीटर होते. खऱ्या मुख्य मार्गावर दीडशे मीटरांहून तीव्र वळण बहुधा आढळत नाही. आता २५ मीटर लांबीची तुळई दोन टोकांस दोन वाघिणींवर टेकविली आहे असे समजू. दीडशे मीटरांच्या वळणावर तिचा मध्य रुळांच्या मध्यरेषेपासून आतील बाजूस अर्धा मीटर सरकतो. प्रतिकृतीच्या मापात हे सहा मिलिमीटर झाले. अठरा इंचांच्या वळणावर मात्र तो सुमारे तेवीस मिलिमीटर सरकेल, आणि वाघिणीची अर्धी रुंदीच मुळी अठरा मिलिमीटरांच्या आसपास असते. तुळई बोगद्याच्या तोंडावर किंवा शेजारच्या रुळावरील गाडीवर आदळणार. अशा वेळी भार आखूड करण्यावाचून गत्यंतर नसते. मापातील ही तडजोड क्षम्य मानली पाहिजे.

वजन आणि चुंबक

भरलेल्या शंभर-टनी वाघिणीचे ११९ टन साडेसहा लाखांनी भागले की सुमारे १८० ग्रॅम येतात. रिकाम्या वाघिणीचे २८ टन तसेच भागले की ४३ ग्रॅम. छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस या दोहोंच्या मधली आहे. एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस. सुमारे सात इंच लांबीच्या या वाघिणीस त्याप्रमाणे सुमारे १२८ ग्रॅम वजन हवे. याचे कारण व्यावहारिक आहे. इंजिन ओढू लागले आणि हलकी वाघीण जड वाघिणींच्या पुढे असली की तीव्र वळणावर ती आतील बाजूस खेचली जाऊन रुळांवरून उतरते. सर्व वाघिणी सारख्याच वजनाच्या ठेवणे त्यामुळे श्रेयस्कर. वजन तळाशी, म्हणजे गुरुत्वमध्य खाली राहील असे बसवावे, आणि वरचा भार होईल तितका हलका करावा. थर्मोकोलचा उपयोग येथे पुन्हा होतो.

मोडके लोखंड दाखविण्यासाठी लोखंडाचा कीस वापरण्याचा मोह अनेकांस होतो. तो टाळावा. इंजिनातील विद्युत्-चलित्रात कायमचा चुंबक असतो. सांडलेला कीस तो ओढून घेतो आणि चलित्र निकामी होते. शिवाय दोन्ही रुळांतून वीज खेळत असते, त्यांवर पडलेला धातूचा तुकडा दोहोंस जोडला गेला की लघुमंडल (शॉर्ट सर्किट) होते. रंगविलेले कागदाचे व वर्खाचे कपटे या कामास अधिक निर्धोक आहेत.

शेवटचा प्रश्न उरतो तो परतीचा. कोळसा भरून वीजगृहाकडे गेलेली गाडी रिकामी परत यावयास हवी. भार कायमचा चिकटविला असेल तर तीच भरलेली गाडी दोन्ही दिशांनी फिरत राहते आणि खाणीकडे कोळसा चालला आहे असे विचित्र दृश्य दिसते. म्हणून ठोकळ्याच्या माथ्यावर, कोळशाच्या थराखाली, लोखंडी चकती पुरून ठेवतात. हातातील चुंबक वर धरताच सबंध भार अलगद उचलला जातो. चकती कोळशाखाली पक्की चिकटविलेली असल्यामुळे किसाचे भय येथे नसते. जागा असेल तर याहून सुरेख युक्ती आहे. खाण आणि वीजगृह एका भिंतीच्या दोन बाजूंस पाठीला पाठ लावून मांडतात आणि रूळ भिंतीतून आरपार नेतात. खाणीत शिरलेल्या रिकाम्या वाघिणी पलीकडे वीजगृहातून रिकाम्या बाहेर येतात, आणि वीजगृहात ढकललेल्या भरलेल्या वाघिणी खाणीतून भरलेल्या निघतात. पाहणाऱ्यास कोळसा एका दिशेने वाहत असल्याचाच भास होतो. मात्र मग रिकाम्या वाघिणीचे अंतरंगही रंगवावे लागते: घासून उजळ झालेला उतरता तळ, काठांवरचा गंज, आणि कोपऱ्यांत राहून गेलेला चिमूटभर चुरा.